दोन चार्जिंग पॉइंटांमधलं अंतर

नर्मदेची लांबी 1,312 किलोमीटर. एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परत यायचं, म्हणून पायी परिक्रमा 2,600 किलोमीटरच्या वर जाते आणि तिला कित्येक महिने लागतात. आता दुसरी वाट घ्या. हिमाचलमधल्या पार्वती खोऱ्यातून 5,319 मीटर उंचीवरची पिन-पार्वती खिंड ओलांडून ती स्पितीत उतरते. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, चाल दहा-अकरा दिवसांची. या दोन्हींपैकी मोठी पॉवरबँक कुठे न्यावी लागेल?

पटकन वाटतं, परिक्रमेला. पण परिक्रमावासी रात्री आश्रमात, धर्मशाळेत, देवळात किंवा गावातल्या एखाद्या घरी मुक्कामाला असतो आणि बहुतेक ठिकाणी भिंतीवर एखादा चालू स्विचबोर्ड सापडतो. शूलपाणीच्या झाडीसारख्या दुर्गम पट्ट्यात एक-दोन दिवस अडचण होईल, तेवढंच. पिन-पार्वतीच्या वाटेवर मात्र खीरगंगा मागे पडली की पलीकडचं मुद गाव येईपर्यंत वीज दिसत नाही. आठ-नऊ दिवस जे काही चालवायचं, ते पाठीवर नेलेल्या विजेवर.

लांबच्या पायी भटकंतीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारायचा: दोन चार्जिंग पॉइंटांमध्ये किती दिवस आहेत? दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना आपण मेगापिक्सेल बघतो, ल्युमेन बघतो, किंमत आणि सवलत बघतो. हा आकडा खोक्यावर नसतो. तो वाटेवर असतो आणि आपला आपणच काढावा लागतो.

आधी कागदावरचा हिशेब

वीज मोजायचं एकक म्हणून वॉट-अवर धरा. एमएएच हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण तो फसवा आहे, कारण व्होल्टेज बदललं की त्याचा अर्थ बदलतो. एमएएचला व्होल्टेजने गुणून हजाराने भागलं की वॉट-अवर मिळतात. 5,000 एमएएचच्या फोनच्या बॅटरीत साधारण 19 वॉट-अवर वीज मावते. हेडटॉर्चच्या बॅटरीत चारेक, जीपीएस घड्याळात एक-दीड.

आता पिन-पार्वतीचे विजेविना नऊ दिवस घ्या. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून फोटो काढले, अधूनमधून नकाशा बघितला, तर दिवसाला वीस टक्के म्हणजे चार वॉट-अवर जातात असं धरू. नऊ दिवसांचे छत्तीस. हेडटॉर्च दोनदा पूर्ण वापरली तर नऊ. घड्याळ रोज काही तास जीपीएसवर चालवलं तर पाच. एकूण पन्नास. निघताना फोन, टॉर्च आणि घड्याळ पूर्ण भरलेलं असेल तर त्यातले चोवीस वॉट-अवर आपल्याकडे आहेतच. उरलेले सव्वीस पॉवरबँकेतून यायला हवेत.

हाच हिशेब रतनगड ते हरिश्चंद्रगड या तीन दिवसांच्या चालीला लावून बघा. फोनला लागणार बारा, फोनमध्ये आहेत एकोणीस. शिस्तीने वापरला तर फोन एकटाच तीन दिवस पुरतो. तरीही दोघा-तिघांत मिळून एक पॉवरबँक असावी, ती अडीअडचणीसाठी. प्रत्येकाने आपापली वेगळी न्यायची काहीच गरज नाही.

पॉवरबँकेवरचा बारीक मजकूर

घरातली पॉवरबँक हातात घ्या, उलटी करा आणि तिरप्या उजेडात मागचा बारीक मजकूर वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत 10,000 एमएएच असतं. मागे बारीक अक्षरांत 3.7 व्होल्ट आणि 37 वॉट-अवर लिहिलेलं सापडेल. त्याच्याच आसपास ‘रेटेड कपॅसिटी’ नावाचा आणखी एक आकडा असतो, बहुधा सहा हजार एमएएचच्या आगेमागे. खरेदी करताना बघायचा तो हाच.

कारण सोपं आहे. आतल्या सेलचं व्होल्टेज 3.7 असतं आणि केबलमधून बाहेर 5 व्होल्ट द्यावे लागतात. व्होल्टेज चढवताना थोडी वीज उष्णता होऊन जाते, फोन ती आत घेताना आणखी थोडी जाते. 37 वॉट-अवरमधले फोनच्या बॅटरीत पोहोचतात ते पंचवीस-सव्वीस. म्हणजे 5,000 एमएएचचा फोन 10,000 च्या पॉवरबँकेतून दोनदा भरत नाही, सव्वा ते दीड वेळा भरतो.

पिन-पार्वतीला सव्वीस लागत होते आणि 10,000 ची पॉवरबँक जेमतेम तेवढेच देते. बर्फात एखादा दिवस अडकलो किंवा थंडीने बॅटरी लवकर बसली, तर हातात काही राहत नाही. म्हणून अशा वाटेवर 20,000 एमएएच न्यावेत. त्याची एक मोठी पॉवरबँक घेण्यापेक्षा 10,000 च्या दोन घेणं मी पसंत करतो. वजन थोडं जास्त भरतं, पण एक भिजली, पडली किंवा मित्राच्या सॅकमधून पुढे निघून गेली तरी दुसरी आपल्याजवळ असते. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवरबँकेवर बीआयएसची नोंदणी असणं सक्तीचं आहे. तो शिक्का नसलेली स्वस्त पॉवरबँक तंबूत डोक्याशी घेऊन झोपू नये.

हिमालयात जाण्यासाठी विमानाने दिल्ली किंवा चंदीगड गाठणार असाल, तर पॉवरबँक केबिनमध्ये न्यायच्या सामानातच ठेवा. चेक-इन सामानात तिला परवानगी नसते. 100 वॉट-अवरपर्यंतची पॉवरबँक सहसा विनापरवानगी नेता येते, त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीची संमती लागते. 20,000 एमएएच म्हणजे 74 वॉट-अवर, त्यामुळे ती मर्यादेत बसते. लेबल पुसट झालेली पॉवरबँक मात्र सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते.

वजन: स्वयंपाकघरातला काटा

निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि न्यायच्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक वस्तू एकेक करून त्यावर ठेवा. फोन दोनशे ग्रॅम. 10,000 ची पॉवरबँक दोनशे-सव्वादोनशे. 20,000 ची साडेतीनशे ते साडेचारशे. हेडटॉर्च ऐंशी-नव्वद. मग चार्जर, त्याची केबल, घड्याळाची वेगळी केबल, कॅमेऱ्याचा वेगळा चार्जर, इअरफोनची डबी. फुटकळ वाटणाऱ्या या वस्तू मिळून अर्धा किलो कधी ओलांडतात ते कळतही नाही.

दोनशे ग्रॅम म्हणजे फुलपात्रभर पाणी. एप्रिलच्या उन्हात गडावरचं टाकं कोरडं निघालं की त्या फुलपात्राची किंमत कळते. काट्यावर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला म्हणून एकच कसोटी लावा: हिच्याऐवजी तेवढं पाणी नेलं तर?

केबलचं वजन कमी करायचा सगळ्यात सोपा उपाय खरेदीच्या वेळीच करता येतो. फोन, पॉवरबँक, हेडटॉर्च या सगळ्यांना टाइप-सी पिन असेल अशाच वस्तू घ्या. मग एक केबल सगळ्यांना चालते आणि तिच्या जोडीला एक छोटी जादा केबल ठेवली की झालं. ज्या वस्तूला तिची स्वतःचीच केबल लागते, ती कितीही चांगली असली तरी लांबच्या वाटेवर ती केबल हरवली की वस्तू निकामी होते. परिक्रमेसारख्या वाटेवर, जिथे एका बोर्डाभोवती दहा जण फोन घेऊन बसलेले असतात, तिथे दोन पिना असलेला लहान फास्ट चार्जर कामाला येतो. मिळालेल्या तासाभरात पॉवरबँक आणि फोन दोन्ही बरेच भरून होतात आणि पुढच्या माणसाला जागा मोकळी मिळते.

फोन: नकाशा, कॅमेरा आणि घड्याळ

वेगळं जीपीएस यंत्र, वेगळा कॅमेरा, वेगळा अल्टिमीटर ही यादी आता बहुतेकांसाठी एका फोनमध्ये मावते. पण फोनचा नकाशा रेंजवर चालतो आणि रेंज गेली की जीपीएस बंद पडतं, हा गैरसमज अजून टिकून आहे. फोनमधला जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश तो घेतो आणि किमान चार उपग्रहांपासूनचं अंतर काढून जागा ठरवतो. मोबाइल टॉवरशी त्याचा संबंध इतकाच, की रेंज असेल तर उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून पटकन मिळते. रेंज नसेल तर ती उपग्रहाकडूनच हळूहळू घ्यावी लागते. म्हणून नव्या ठिकाणी फोन उघड्या आकाशाखाली धरून काही मिनिटं थांबा. घाई करून ‘जीपीएस चालत नाही’ असं ठरवू नका.

नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा लागतो. ओस्मॅन्ड किंवा ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये संपूर्ण विभागाचा नकाशा फोनमध्ये साठवता येतो आणि आधी कुणी चालून गेलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल त्यावर टाकता येते. निघण्यापूर्वी घरी फोन एअरप्लेन मोडवर टाकून नकाशा खरंच उघडतो का, हे तपासून बघा. सह्याद्रीत आणखी एक काळजी घ्यायची. कड्याच्या पोटातून जाणाऱ्या वाटेवर किंवा खोल घळीत उपग्रहाचे संदेश कातळावर आपटून येतात आणि फोनवरचा ठिपका पन्नास-शंभर मीटर सरकू शकतो. कड्याजवळ पन्नास मीटर म्हणजे वर आणि खाली एवढा फरक. अशा जागी ठिपक्यापेक्षा पायाखालची मळलेली वाट आणि सोबतचा स्थानिक वाटाड्या यांच्यावर विश्वास ठेवावा.

एअरप्लेन मोडचा खरा फायदा बॅटरीला होतो. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो आणि जास्त ताकदीने संदेश पाठवतो. दऱ्याखोऱ्यांत फोन खिशात नुसता पडून असतानाही संध्याकाळपर्यंत निम्मा उतरतो, तो यामुळे. दिवसातून ठरलेल्या वेळी, शक्यतो धारेवर किंवा खिंडीत पोहोचल्यावर, मोड काढा, घरी मेसेज टाका आणि पुन्हा चालू करा. बोलणं होत नाही अशा ठिकाणीही साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. जम्मू-काश्मीर आणि लडाखकडे जाणार असाल, तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं, हेही आधी बघून ठेवा.

हेडटॉर्च: इथे काटकसर नको

एकच वस्तू चांगली घ्यायची असेल तर ती हेडटॉर्च. फोनचा टॉर्च हा तिला पर्याय नाही. फोन धरला की एक हात अडकतो, आणि अंधारात कातळटप्पा उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

खोक्यावर ‘400 ल्युमेन, 40 तास’ असं दोन्ही एकत्र लिहिलेलं असेल तर नीट वाचा. 400 ल्युमेन सगळ्यात प्रखर उजेडाचे असतात आणि 40 तास बहुधा सगळ्यात मंद उजेडाचे. शिवाय मोजायच्या प्रचलित पद्धतीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात. तंबूत आणि जेवताना वीस-तीस ल्युमेन भरपूर होतात, रात्रीच्या मळलेल्या वाटेवर शंभर-दीडशे. दोनशे ते तीनशे ल्युमेनची टॉर्च भटक्याला पुरते. लाल दिवा असेल तर उत्तम, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत आणि तंबूतल्या सोबत्याची झोपही मोडत नाही. सॅकमध्ये दाबून बटण चालू होऊ नये म्हणून लॉकची सोय बघा. ही सोय नसलेली टॉर्च मुक्कामी पोहोचेपर्यंत विझलेली असते.

ट्रिपल-ए सेलवर चालणारी टॉर्च घ्यावी की चार्जिंगची? परिक्रमेत किंवा सह्याद्रीत गावातल्या किराणा दुकानात सेल मिळतात, म्हणून सेलची टॉर्च सोयीची. हिमालयात चार्जिंगची चालते, कारण पॉवरबँक सोबत असतेच. दोन्ही प्रकारे चालणारी मिळाली तर तीच घ्या.

थंडी आणि पाऊस

उंचावरच्या पहाटे फोनवर चाळीस टक्के दिसत असतात, आपण खिंडीचा फोटो काढायला जातो आणि फोन बंद पडतो. बॅटरी संपलेली नसते, गारठलेली असते. लिथियम-आयन बॅटरीत आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे द्रवातून सरकतात. थंडीत ही हालचाल मंदावते, आतला रोध वाढतो आणि फोनला हवं तेवढं व्होल्टेज मिळत नाही. तो फोन काखेत धरून थोडा वेळ ऊब दिली की गेलेले टक्के बरेचसे परत येतात.

म्हणून रात्री फोन, पॉवरबँक आणि हेडटॉर्च एका लोकरी मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: शून्य अंशाखाली गारठलेली बॅटरी चार्ज करू नका. अशा वेळी लिथियम धातूचा थर आत साचतो आणि ते नुकसान कायमचं असतं. आधी ऊब, मग चार्जिंग.

सह्याद्रीत शत्रू थंडीपेक्षा पाणी. आषाढात पन्हाळा ते विशाळगड चालताना दोन-तीन दिवस अंगावर पाऊस असतो. वस्तूवरच्या आयपी मानांकनात आयपीएक्स-4 म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी चालेल, आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. हेडटॉर्चला किमान आयपीएक्स-4 हवंच. पण ही चाचणी नव्या वस्तूवर आणि स्वच्छ पाण्यात घेतलेली असते. दोन वर्षं वापरलेल्या, एकदा पडलेल्या फोनवर तेवढा भरवसा ठेवू नका. झिप असलेली जाड प्लॅस्टिक पिशवी स्वस्त आहे आणि चांगलं काम करते. चार्जिंगची पिन ओली असताना केबल लावायची नाही, एवढा नियम पाळला तरी बरेच फोन वाचतील.

सोलर पॅनल: कधी हो, कधी नाही

सॅकवर पॅनल टांगून चालायची कल्पना मोहक आहे. पण पॅनलवर लिहिलेले दहा वॉट हे प्रत्येक चौरस मीटरवर 1,000 वॉट ऊन थेट पडत असताना मोजलेले असतात. सॅकवरचं पॅनल कधी सूर्याकडे असतं, कधी पाठमोरं, कधी झाडाच्या सावलीत. त्याच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी मिळणारी वीज खूप घटते. पावसाळी सह्याद्रीत तर त्याचा उपयोग नाहीच. लडाख-स्पितीसारख्या उघड्या, कोरड्या प्रदेशात दहा दिवसांहून जास्त वीज मिळणार नसेल आणि दुपारी लवकर मुक्काम करून पॅनल उन्हात नीट मांडता येणार असेल, तर ते जरूर न्या. बाकी ठिकाणी त्याच वजनाची दुसरी पॉवरबँक जास्त खात्रीची.

सॅटेलाइट यंत्र: कायदा आधी

परदेशातल्या लांबच्या वाटांवर छोटं सॅटेलाइट मेसेंजर जवळ ठेवणं आता सर्रास झालं आहे. रेंज नसतानाही त्यावरून मदतीचा संदेश जातो. भारतात मात्र सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर परवान्याशिवाय बाळगणं आणि वापरणं बेकायदा आहे. इरिडियम उपग्रहांवर चालणारी लोकप्रिय छोटी यंत्रंही यातच येतात. अशी यंत्रं सामानात सापडल्याने विमानतळांवर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारे आपले नातेवाईक, मित्र हिमालयात चालायला येणार असतील, तर त्यांना हे आधीच सांगा. तिथे जी वस्तू सुरक्षेसाठी जवळ ठेवतात, तीच इथे अडचणीत आणू शकते.

मग अडचणीच्या वेळी काय? 112 हा आपत्कालीन क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. त्याआधी एअरप्लेन मोड काढायला विसरू नका. वाट, मुक्काम आणि परतायची तारीख लिहिलेला कागद घरी आणि पायथ्याच्या गावात ठेवा. आणि डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत पाठ करा: एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट थांबायचं, आणि पुन्हा तसंच. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात. साध्या शिट्टीला चार्जिंग लागत नाही.

घरी राहू द्यावं असं

ब्लूटूथ स्पीकर कुठल्याही हिशेबात बसत नाही, वजनाच्याही आणि औचित्याच्याही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. तिथल्या जनावरांचं घर आहे ते, आणि त्याच गडावर मुक्कामाला असलेल्या इतरांची शांतताही आपल्या हातात असते. अभयारण्यात किंवा संरक्षित गडावर परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. वाचनाची आवड असेल तर ई-रीडर मात्र खुशाल न्या. त्याचा पडदा पान उलटतानाच वीज घेतो, म्हणून एका चार्जिंगमध्ये तो आठवडे चालतो. परिक्रमेच्या लांब संध्याकाळी तो जड पुस्तकापेक्षा हलका पडेल.

शेवटी एक काम सुचवतो. ट्रेकहून परत आलात की सॅक रिकामी करण्याआधी एका वहीत नोंद करा: किती दिवस विजेविना होतो, पॉवरबँक किती उरली, फोन रोज किती उतरला, कुठली वस्तू एकदाही बाहेर काढली नाही. अशा दोन-तीन नोंदी झाल्या की तुमच्या चालीला आणि तुमच्या वाटांना काय लागतं, हे तुम्हाला कुणालाही विचारावं लागणार नाही. जी वस्तू सलग दोन ट्रेकमध्ये सॅकच्या तळाशीच राहिली, ती तिसऱ्या वेळी घरी ठेवा.